तांदळातला पांढरा खडा

अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून मॅमोग्राम काढणाऱ्या प्रत्येक केंद्रावर एक नवे बंधन आले. तपासणीनंतर बाईला जे पत्र जाते त्यात, निकाल काहीही असो, तिच्या स्तनांतील ऊती 'दाट' आहेत की 'दाट नाहीत' हे साध्या भाषेत लिहायचे. सोबत हेही सांगायचे की दाट ऊतींत कर्करोग मॅमोग्रामवर सापडणे अवघड जाते आणि अशा ऊतींमुळे तो होण्याची शक्यताही वाढते. ज्यांच्या ऊती दाट आहेत त्यांच्या पत्रात आणखी एक वाक्य: काही जणींना मॅमोग्रामखेरीज दुसऱ्या तपासणीचा उपयोग होऊ शकतो. मग, आपल्या डॉक्टरांशी बोला.

चार-पाच वाक्यांचा हा मजकूर. एडिसनला किंवा सनीव्हेलला राहणाऱ्या एखाद्या मराठी मुलीच्या हाती तो पडला, तर ती सांगलीला फोन करून विचारणार, "आई, तुझं कधी दाट निघालं होतं का गं?" आई गोंधळणार. केस दाट असतात, जंगल दाट असते, म्हशीचे दूध दाट असते. हे काय नवीन? गंमत अशी की आईने स्वतः कधी मॅमोग्राम काढला असेल तर त्याचा रिपोर्ट कपाटातल्या प्लॅस्टिकच्या फाइलीत असतो आणि बहुतेक वेळा हा शब्द त्यात इंग्रजीत लिहिलेलाही असतो. तो तिला कुणी वाचून दाखवलेला नसतो.

या लेखाचा विषय तो एक शब्द आहे. तो कुठून आला, तो बाईला सांगायचा की नाही यावरून एवढा वाद का झाला, आणि सांगितल्यावर पुढे काय.

स्तनात मुख्यतः दोन प्रकारचा ऐवज असतो. एक मेद, म्हणजे चरबी. दुसरा, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, ते वाहून नेणाऱ्या नलिका आणि त्यांना सांभाळणाऱ्या तंतुमय ऊती. क्ष-किरण चरबीतून सहज पार जातात, म्हणून चित्रात चरबी काळी-करडी दिसते. ग्रंथी आणि तंतू किरणांना अडवतात, ते पांढरे दिसतात. अडचण अशी की कर्करोगाची गाठही किरणांना अडवते आणि पांढरीच दिसते. अमेरिकी डॉक्टर हे समजावताना हिमवादळातल्या पांढऱ्या अस्वलाचा दाखला देतात. आपल्याकडे अस्वल काळे, आणि हिमवादळ कुणी पाहिलेले नाही. पण ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसलेल्या कुणालाही ही गोष्ट ठाऊक आहे. मसुरीच्या डाळीतला पांढरा खडा चष्मा नसतानाही दिसतो. तोच खडा तांदळात असला की नजरेतून निसटतो आणि थेट दाताखाली येतो. निवडणारीचा त्यात दोष नसतो.

चित्रातल्या या पांढऱ्याच्या प्रमाणावरून रेडिऑलॉजिस्ट चार वर्ग करतात आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे देतात. 'ए' म्हणजे जवळजवळ सगळी चरबी. 'बी'मध्ये दाट ऊती इथे-तिथे विखुरलेल्या. 'सी'मध्ये त्या बऱ्याच भागात असतात आणि लहान गाठ झाकू शकतात. 'डी' म्हणजे अत्यंत दाट. सी आणि डी मिळून 'दाट' म्हणायचे. अमेरिकेत मॅमोग्राम काढणाऱ्या बायकांपैकी साधारण दहा टक्के ए, चाळीस टक्के बी, चाळीस टक्के सी आणि दहा टक्के डी, असे प्रमाण सांगितले जाते. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायका 'दाट' ठरतात. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण 'तुमच्या ऊती दाट आहेत' हे वाक्य ऐकताच बाईला वाटते की आपल्यात काही विकृती निघाली. विकृती नाही. उंची किंवा केसांचा पोत असावा तशी ती एक शरीरप्रकृती आहे, बरीचशी आनुवंशिक. ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिकेतल्या जुळ्या बहिणींवरच्या अभ्यासात, घनतेतल्या फरकांपैकी साधारण साठ टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसला. वय वाढते, पाळी जाते, तशी घनता उतरते. पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्या तर ती वाढू शकते. बारीक अंगाच्या बायकांत ती जास्त असते.

इथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही घनता हाताला कळत नाही. स्तन हाताला घट्ट लागतात म्हणून ते दाट, आणि सैल लागतात म्हणून विरळ, असे काही नसते. डॉक्टरांच्या हातालाही ते कळत नाही. ती फक्त चित्रात दिसते. म्हणून मराठीत यासाठी 'घट्ट' किंवा 'टणक' हे शब्द वापरू नयेत असे मला वाटते. काही अनुवादांत 'घन स्तन' असे वाचायला मिळते. 'घन' म्हटले की शाळेतला घन, द्रव, वायू आठवतो, किंवा ढग. 'दाट' त्यातल्या त्यात बरा, कारण दाट म्हणजे कडक नव्हे. धुके दाट असते, आणि दाट धुक्यात पलीकडचे दिसत नाही हे मराठी कानाला सांगावे लागत नाही.

दाटपणाचे परिणाम दोन आणि ते वेगवेगळे आहेत. पहिला झाकण्याचा. मेदयुक्त स्तनांत मॅमोग्राम दहापैकी साधारण नऊ कर्करोग पकडतो. अत्यंत दाट स्तनांत हे प्रमाण सहा-सातवर येते. दुसरा परिणाम धोक्याचा. दाट ऊती असलेल्या स्तनात कर्करोग उद्भवण्याची शक्यताच अधिक असते. वर्तमानपत्रांतून 'चार ते सहा पट धोका' असा मथळा येतो आणि छातीत धस्स होते. आकडा खोटा नाही, पण तो दोन टोकांची तुलना करतो: जवळजवळ निव्वळ चरबी असलेले स्तन एकीकडे आणि अत्यंत दाट दुसरीकडे. दोन्ही टोकांना बायका थोड्याच असतात. सरासरी बाईशी तुलना केली तर अत्यंत दाट स्तनांचा धोका फार तर दुपटीच्या आसपास जातो, आणि 'सी' वर्गात त्याहूनही कमी. सहा फुटी माणसाची उंची चार फुटी माणसाशी ताडून 'दीडपट' म्हणावी, तसा हा प्रकार.

हे सगळे वैद्यकाला काही काल कळलेले नाही. बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ साली शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे क्ष-किरण चित्रण करून, चित्रात दिसणारे आणि प्रत्यक्ष कापून दिसणारे यांची सांगड घातली. मॅमोग्रामचा इतिहास तिथून सुरू होतो. (वाङ्मयाच्या आणि चित्रकलेच्या वाचकांना सालोमोन हे आडनाव वेगळ्या कारणाने माहीत असेल. 'जीवन? की नाटक?' ही शेकडो चित्रांची आत्मकथा रंगवून १९४३ साली आउशवित्झमध्ये मारली गेलेली शार्लोटे सालोमोन ही त्यांची मुलगी. आल्बर्ट स्वतः छळछावणीतून सुटून नेदरलँड्समध्ये लपले आणि वाचले.) ते वारले १९७६ साली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे रेडिऑलॉजिस्ट जॉन वुल्फ यांनी मॅमोग्राममधल्या पांढऱ्या-काळ्याच्या नक्षीचे चार प्रकार पाडून त्यांचा कर्करोगाच्या धोक्याशी संबंध जोडला. त्या वेळी अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. टोरांटोचे नॉर्मन बॉइड आणि इतरांनी पुढची तीस वर्षे मोजमापे करून वुल्फ यांचे म्हणणे मुळात बरोबर होते हे दाखवले.

रेडिऑलॉजिस्ट हे वर्ग रिपोर्टात लिहीत होते आणि रिपोर्ट डॉक्टरांकडे जात होता. १९९२ साली अमेरिकेत मॅमोग्रामच्या दर्जासाठी कायदा झाला, आणि १९९८च्या दुरुस्तीने बाईलाही सोप्या भाषेतले एक पत्र पाठवणे सक्तीचे झाले. या पत्रात निकाल असे, घनता नसे. एकाच तपासणीचे दोन कागद निघत: डॉक्टरांच्या कागदावर 'अत्यंत दाट, संवेदनक्षमता कमी' आणि बाईच्या कागदावर 'सर्व नॉर्मल, पुढच्या वर्षी या'. दोन्ही कागदांतले अक्षर न् अक्षर खरे. एकत्र वाचले तरच त्यांचा अर्थ लागणार, आणि एकत्र वाचायची मुभा फक्त एका बाजूला.

या फटीत सापडलेली बाई म्हणजे कनेटिकटच्या नॅन्सी कपेलो. शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या, राज्याच्या शिक्षण खात्यात काम करणाऱ्या, वर्षाच्या वर्षाला न चुकता मॅमोग्राम काढणाऱ्या. अकरा वर्षे निकाल नॉर्मल. २००४ साली असेच 'नॉर्मल' पत्र मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच डॉक्टरांच्या हाताला स्तनात काहीतरी लागले. पुन्हा मॅमोग्राम काढला, त्यात पुन्हा काही दिसले नाही. सोनोग्राफीत मात्र अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली. शस्त्रक्रियेत समजले की रोग तेरा लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला होता. तिसऱ्या टप्प्याचा, तोही पुढचा. हे आधी का दिसले नाही, असे विचारल्यावर त्यांना उत्तर मिळाले की तुमच्या ऊती दाट आहेत. हे मला आजवर कुणी का सांगितले नाही, या पुढच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कुणाकडेच नव्हते. तसे सांगण्याची पद्धत नाही, एवढेच.

बाई शिक्षण खात्यातल्या. पद्धत कशी बदलते हे त्यांना ठाऊक होते. आपल्या डॉक्टरांना त्यांनी आधी विनंती केली की यापुढे इतरांना तरी सांगत जा. ती मानली गेली नाही, तेव्हा त्या आणि त्यांचे पती राज्याच्या विधिमंडळाकडे गेले. २००५ साली दाट ऊती असलेल्या बायकांच्या सोनोग्राफीचा खर्च विम्याने द्यावा असा कायदा कनेटिकटने केला, आणि २००९ साली घनता बाईला लेखी कळवण्याचा. असा कायदा करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. कपेलो यांनी काढलेल्या संस्थेचे नाव 'आर यू डेन्स?' इंग्रजीत 'डेन्स'चा दुसरा अर्थ मठ्ठ. तुम्ही दाट आहात का, आणि तुम्हाला मठ्ठ समजले जाते का, असे दोन्ही प्रश्न त्या नावात आहेत. मराठीत तो श्लेष साधत नाही.

पुढे टेक्सास, व्हर्जिनिया, न्यूयॉर्क अशी राज्ये मागोमाग आली. कॅलिफोर्नियाची कथा मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. तिथे २०११ साली हे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत होऊन गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या टेबलावर गेले आणि त्यांनी ते परत पाठवले. अशी सूचना सक्तीची करावी की नाही याबद्दलच त्यांना शंका होती, आणि करायचीच तर तिचे शब्द अधिक जपून निवडावेत, त्यांनी काय करावे ते फर्मावण्यापेक्षा समज द्यावी, असा त्यांच्या शेऱ्याचा आशय होता. पुढच्या वर्षी शब्द बदलून विधेयक पुन्हा आले आणि ब्राउन यांनी सही केली. राजकारण्याने वाक्यरचनेसाठी विधेयक अडवावे, ही गोष्ट लेखन करणाऱ्यांना सुखावणारी आहे. पण त्यामागची भीती भाषेपेक्षा मोठी होती आणि ती अनेक डॉक्टरांनाही होती: निम्म्या बायकांना एकाच दिवशी 'तुमचे दाट आहे' असे कळवले, तर त्या घाबरतील, जादा तपासण्या मागतील, त्यातून विनाकारण सुया टोचल्या जातील, आणि हाती काय लागेल ते सांगता येत नाही. बाईला कळू नये असे म्हणणारे थोडे असतील. कळून तिने करायचे काय, हा प्रश्न खरा होता आणि काही अंशी अजून आहे.

राज्ये वाढत गेली तशी प्रत्येकाची भाषा वेगळी झाली. काहींनी धोका वाढतो हे सांगितले, काहींनी गाळले. काही ठिकाणी पत्र फक्त दाट असलेल्यांना, काही ठिकाणी सगळ्यांनाच एक मोघम पत्र, ज्यातून आपले दाट आहे की नाही हे बाईला कळूच नये. संशोधकांनी ही पत्रे वाचनसुलभतेच्या कसोटीवर तपासली तेव्हा बहुतेकांची भाषा सामान्य वाचकासाठी ठरवलेल्या पातळीच्या वर निघाली. कमी शिकलेल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या बायकांना कळवण्यासाठी कायदा, आणि कायद्याचे पत्र वकिलाने वाचावे असे. शेवटी ३८ राज्यांत आणि राजधानीत वेगवेगळे कायदे झाल्यावर केंद्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२३ मध्ये एकच मजकूर ठरवला. तोच आरंभी सांगितलेला. कपेलो यांना तो पाहता आला नाही. कर्करोगाच्या उपचारांतून पुढे उद्भवलेल्या रक्ताच्या विकाराने त्या नोव्हेंबर २०१८ मध्ये वारल्या.

मजकूर एक झाला तरी त्यामागचे अक्षर किती पक्के आहे? अमेरिकेतल्या ८३ रेडिऑलॉजिस्टांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे सांगितलाच पाहिजे. त्यांच्यापैकी एकाने आपल्याकडे आलेल्या बायकांपैकी ६.३ टक्के जणींना 'दाट' म्हटले होते, तर दुसऱ्या टोकाच्या एकाने ८४.५ टक्के. एकाच बाईचे लागोपाठचे दोन मॅमोग्राम दोन वेगळ्या डॉक्टरांनी वाचले तेव्हा सुमारे सतरा टक्के वेळा एकाने दाट म्हटले आणि दुसऱ्याने नाही. अक्षर देणारा शेवटी डोळाच असतो. 'बी' आणि 'सी'च्या सीमेवर अनेक जणी असतात आणि कायद्याने नेमकी तीच सीमा पत्राची सीमा केली. आता संगणक हे वर्गीकरण करू लागले आहेत. त्याने निदान एकच मोजपट्टी सर्वांना लागेल.

आता 'करायचे काय' या प्रश्नाकडे. त्याचे सर्वांत चांगले उत्तर अमेरिकेतून आले नाही. नेदरलँड्समध्ये, जिथे सालोमोन लपून राहिले त्याच देशात, अत्यंत दाट ऊती असलेल्या आणि मॅमोग्राम नॉर्मल आलेल्या ४०,३७३ बायका घेतल्या गेल्या, वय ५० ते ७५. त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने निवडून जादा एमआरआयचे निमंत्रण दिले. दोन मॅमोग्रामांच्या मधल्या काळात, नॉर्मल निकालानंतर, स्वतःहून उघड होणारे कर्करोग हे झाकल्या गेलेल्या रोगाचे माप. कपेलो यांचा तसाच. निमंत्रण न मिळालेल्या गटात हे कर्करोग दर हजारी ५ निघाले, निमंत्रण मिळालेल्या गटात २.५. निमंत्रणाला होकार देऊन आलेल्या होत्या ५९ टक्केच, तरी निम्मे. २०१९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा वीस वर्षांच्या वादाला प्रथमच वजनदार पुरावा मिळाला. पण तराजूचे दुसरे पारडेही त्याच लेखात आहे: पहिल्या फेरीत एमआरआयने दर हजारी साधारण १६ जणींत कर्करोग शोधला आणि दर हजारी सुमारे ८० जणींना उगीच धास्तावले, ज्यांच्यात पुढे काही निघाले नाही. यामुळे मृत्यू किती टळतील हे ठरायला आणखी वर्षे लागतील. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०२४ मध्ये चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राम काढा असे सांगितले, पण दाट ऊतींसाठी जादा तपासणीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असेच नोंदवले. म्हणजे एक सरकारी यंत्रणा पत्र पाठवून म्हणते डॉक्टरांशी बोला, आणि डॉक्टरांना सल्ला देणारी यंत्रणा म्हणते आम्हाला अजून सांगता येत नाही.

ब्रिटनने तर राष्ट्रीय कार्यक्रमात घनता कळवण्याची पद्धत ठेवलेलीच नाही. पण तिथल्याच एका चाचणीने २०२५ मध्ये मोठी भर घातली. नॉर्मल मॅमोग्रामनंतर दाट ऊती असलेल्या नऊ हजारांवर बायकांत तीन जादा तपासण्यांची तुलना झाली. स्वयंचलित सोनोग्राफीने हजारी सुमारे ४ कर्करोग शोधले, संक्षिप्त एमआरआयने १७, आणि शिरेतून आयोडिनयुक्त औषध देऊन काढलेल्या मॅमोग्रामने १९. हा शेवटचा आकडा आपल्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे, कारण ती तपासणी बऱ्याच आधुनिक मॅमोग्राम यंत्रांत थोडी भर घालून होते आणि एमआरआयपेक्षा स्वस्त पडते.

आणि आपण? भारतात घनता कळवण्याचा कायदा नाही. त्याआधी हे मान्य केले पाहिजे की भारतात मॅमोग्रामचा राष्ट्रीय कार्यक्रमच नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी प्रशिक्षित हातांनी करायची आहे, यंत्राने नव्हे. हे निव्वळ गरिबीतून आलेले नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांवर ही पद्धत पारखली. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासायचे, अशा चार फेऱ्या. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली मांडला तेव्हा रोग आधीच्या टप्प्यात सापडत होता हे दिसले, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. कपेलो यांची गाठही शेवटी हातालाच लागली होती, हे इथे आठवते.

पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे हा रोग सरासरीने सुमारे एक दशक आधी आढळतो. काही अंशी याचे कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे हे आहे, तरीही चाळिशीतल्या रुग्ण आपल्याकडे पुष्कळ, आणि चाळिशीतल्या ऊती साठीतल्यांपेक्षा दाट. म्हणून जपानमधली चाचणी आपण अधिक लक्ष देऊन वाचायला हवी. तिथे चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या ७२,९९८ बायकांत, निम्म्यांना मॅमोग्राम आणि निम्म्यांना मॅमोग्रामबरोबर सोनोग्राफी दिली गेली. कर्करोग पकडण्याचे प्रमाण ७७ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेले. उगीच बोलावल्या गेलेल्याही वाढल्या. सोनोग्राफीचे यंत्र आपल्याकडे तालुक्याच्या गावीही असते. स्तनाची सोनोग्राफी नीट करणारा हात तितका सहज मिळत नाही.

शहरांतल्या खासगी केंद्रांत मात्र दरवर्षी असंख्य बायका मॅमोग्राम काढतात. चाळिशीचे पॅकेज, ऑफिसची वार्षिक तपासणी, ऑक्टोबरातली सवलत. आणि इथे एक उलटी गोष्ट आहे. अमेरिकेत बाईला तिचा पूर्ण रिपोर्ट मिळत नव्हता, म्हणून कायदा करावा लागला. आपल्याकडे रिपोर्ट, फिल्म, सीडी सगळे पाकिटात घालून बाईच्याच हातात देतात. माहिती तिच्या पिशवीतून रिक्षाने घरी जाते. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'एसीआर टाइप सी' असे काहीतरी असते आणि शेवटी 'बायरॅड्स १' किंवा '२'. बाई शेवटची ओळ बघते. ज्याने पाठवले तो डॉक्टरही अनेकदा शेवटचीच ओळ बघतो आणि म्हणतो, "काही नाही, ठीक आहे." अक्षर आणि आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला कुणी सांगत नाही. आकडा सांगतो काय दिसले. अक्षर सांगते किती दिसू शकत होते. 'सी' किंवा 'डी'च्या सोबतचा '१' हा 'ए'च्या सोबतच्या '१'इतका भक्कम नसतो. कधी उलटेही होते: 'टाइप डी' वाचून कुणी इंटरनेटवर जाते, त्याला चौथी पायरी समजते आणि रात्रभर झोपत नाही.

कायदा व्हावा का, याबद्दल मी साशंक आहे. कागदावर एक ओळ वाढवण्याची सक्ती आपण सहज करू, आणि ती ओळ इतर बारा इंग्रजी ओळींत मिसळून जाईल. शिवाय ज्या देशात बहुसंख्य बायकांपर्यंत तपासणारा हातच पोहोचलेला नाही, तिथे मॅमोग्रामच्या मर्यादेला अग्रक्रम देणे जरा चैनीचे वाटते. पण जी केंद्रे पैसे घेऊन मॅमोग्राम काढतात, त्यांनी रिपोर्टासोबत मराठीत पाच ओळी द्यायला कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. सांगितल्याने बाई घाबरते, हा आक्षेप मला पटत नाही. घाबरते ती अर्धे सांगितल्याने.

मराठीत सांगायचे म्हणजे आणखी एक अडथळा. रिपोर्टात 'स्तन' असते, घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. छाती म्हणतात, 'अंगावर पाजते' म्हणतात. गाठ दाखवायला आलेली बाई "इथे जरा लागतंय" म्हणून पदराकडे बोट करते. म्हणून मजकूर लिहिताना एकदा 'स्तन' म्हणून पुढे 'छाती' चालू द्यावे असे मी ठरवले, शास्त्रशुद्धतेला थोडा धक्का लागला तरी. अनेक प्रयत्नांनंतर, दाट ऊती असलेल्या बाईसाठी, माझा मसुदा असा झाला:

"तुमच्या स्तनांच्या मॅमोग्राममध्ये आज काळजीचे काही दिसले नाही. तुमच्या छातीतला भाग चित्रात दाट दिसतो. जवळजवळ निम्म्या बायकांचा असा असतो, हा आजार नाही. दाट भागात लहान गाठ चित्रात लपू शकते, आणि अशा बायकांना कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. म्हणून मॅमोग्राम सोडू नका. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला हा रोग झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि सोनोग्राफी किंवा दुसरी तपासणी लागेल का ते विचारा. हाताला गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त आले, तर हा कागद नॉर्मल आहे म्हणून थांबू नका. लगेच दाखवा."

पाचाच्या ओळी जास्त झाल्या आहेत. 'थोडा जास्त' हे 'डी' वर्गासाठी सौम्य आहे, तिथे दुसरे वाक्य हवे. 'लपू शकते' ऐवजी आधी 'दिसत नाही' लिहिले होते, ते काढले, कारण दाट भागातही मॅमोग्राम बरेच काही पाहतो. चुन्याचे बारीक ठिपके, जे काही कर्करोगांची पहिली खूण असतात, ते तिथेही दिसतात. आत्या मुद्दाम घातली. वडिलांकडचा वारसा यात मोजायचा नसतो असा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे.

खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे. तिथे केंद्राने एका माणसाचे नाव, फोन नंबर आणि तो उचलला जाण्याची वेळ लिहायची आहे.